आधी फ्रीज बंद करा: घरगुती फिल्मचं एडिटिंग आणि आवाज

जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या एका वाड्यात आम्ही स्वयंपाकघरातला एक प्रसंग शूट केला. बाप आणि मुलगी. मुलीला पुण्यात नोकरी लागलीय, बापाला ते कुठूनतरी कळलंय, पण दोघंही विषय काढत नाहीत. ती भाकरी थापतेय, तो पाटावर बसून लसूण सोलतोय. जेमतेम तीन मिनिटांचा प्रसंग. आधी बापाच्या बाजूचे सगळे शॉट घेतले, मग चहा, मग मुलीच्या बाजूचे. वाड्यातच मोबाइलवर बघितलं तेव्हा सगळे खूश होते.

घरी येऊन शॉट एकापुढे एक लावले आणि पहिल्याच कटला ठेच लागली. बाप बोलतो तेव्हा मागे घर्रर्र. मुलगी बोलते तेव्हा शुकशुकाट. पुन्हा बाप, पुन्हा घर्रर्र. फ्रीज! बापाचे टेक चालू असताना त्याचा कॉम्प्रेसर सुरू होता आणि चहाच्या सुमारास तो बंद पडला होता. आम्ही सहा जण त्या खोलीत चार तास होतो आणि एकालाही फ्रीज ऐकू आला नव्हता.

कारण आपला कान भारी पक्षपाती आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी मेन रोडवर उभं राहूनही शेजारच्याचं बोलणं आपल्याला कळतं. नको ते मागे ढकलायचं आणि हवं ते पुढे आणायचं हे काम मेंदू न सांगता करत असतो. माइक असला भेदभाव करत नाही. फ्रीज, पंखा, गल्लीतली रिक्षा, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, सगळं तो सारख्याच निष्ठेने टिपतो. आणि नंतर स्पीकरमधून ऐकताना मेंदूलाही ते वेगळं काढता येत नाही, कारण सगळे आवाज आता एकाच ठिकाणाहून येतायत.

गेली काही वर्षं मी दिवसा नोकरी आणि रात्री मित्रांच्या शॉर्टफिल्मचं एडिटिंग असा उद्योग करतो. लॅपटॉप जुना, पैसे कुणाकडेच नाहीत. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालंय: कमी पैशांची फिल्म डोळ्यांपेक्षा कानांनी एडिट करावी. कट लपवतो तो आवाज, आणि कट उघडा पाडतो तोही आवाजच. पण बहुतेक हौशी मंडळी आधी चित्र पूर्ण जुळवतात, रंग सुधारतात, नावं टाकतात आणि स्पर्धेची तारीख दोन दिवसांवर आली की म्हणतात, "आता आवाज बघून घे." तोवर बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

नाशिककरांना या बाबतीत थोर परंपरा आहे म्हणा. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन सिनेमात लागला, तो मुका होता. पुढे नाशिकला राहून त्यांनी कितीतरी चित्रपट केले, तेही मुके. १९३१ मध्ये भारतात बोलपट आला आणि सगळं गणितच बदललं. १९३२ च्या सुमाराचा त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता. त्यालाही मागाहून आवाज चढवावा लागला. तेव्हा चित्र आधी, आवाज नंतर ही कसरत आपल्या गावाला नवी नाही. फाळक्यांचा नाइलाज होता, आपला नाही, एवढाच फरक.

आवाज कुठे धरायचा

आवाज मिळवायचे मार्ग दोन. एक, शूटिंगच्या जागीच नीट रेकॉर्ड करायचा. दोन, तिथे कामचलाऊ रेकॉर्ड करून नंतर डबिंग करायचं. कामचलाऊ आवाजाला फिल्मवाले 'पायलट' म्हणतात. डबिंग करताना नटाला ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते हे कळावं म्हणून तो असतो. आपल्याकडे कित्येक दशकं बहुतेक चित्रपट असेच पायलटवर शूट होऊन नंतर डब झाले. त्यामुळे हौशी लोकांनाही वाटतं, डबिंग सोपं. माझा अनुभव उलटा आहे. डबिंगला खरोखर शांत खोली लागते, नटांच्या तारखा पुन्हा लागतात, ओठ जुळावे लागतात, आणि भाकरी थापता थापता मुलीचा आवाज जसा थोडा ढकलत येतो तसा खुर्चीत बसून येत नाही. म्हणून आवाज जागेवरच घ्यावा आणि अगदीच वाया गेलेल्या दोन-चार ओळींपुरतं डबिंग करावं.

जागेवर चांगला आवाज घेण्यासाठी महागडा माइक लागतो हाही गैरसमज. माइक जवळ लागतो. उघड्यावर माइकचं अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो, कारण तो सगळीकडून येत असतो. समजा कॅमेरा नटापासून २ मीटरवर आहे आणि तुम्ही कॅमेऱ्याच्याच माइकवर अवलंबून आहात. आता साधा माइक अर्ध्या मीटरवर आणला, म्हणजे अंतर दोनदा निम्मं केलं, तर बोलणं १२ डेसिबलने वर येतं. खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्यामुळे फायदा याहून थोडा कमी होतो, पण एवढी सुधारणा नंतर कुठलंही सॉफ्टवेअर फुकटात देत नाही.

हजार-दीड हजारात वायरचा कॉलर माइक मिळतो. तो सदऱ्याच्या आत, छातीच्या हाडाजवळ टेपने लावायचा, वायर खाली सोडायची आणि नटाच्या खिशात दुसरा मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवायचा. एअरप्लेन मोडवर, बरं का. ऐन रडण्याच्या प्रसंगात कर्जाच्या जाहिरातीचा कॉल आलेला मी ऐकलाय. साडी नायलॉनची असेल तर प्रत्येक हालचालीला खसखस येते, सुती चालते. नाहीतर रंगाऱ्याचा रोलर लावायचा लांब दांडा घ्या, टोकाला माइक बांधा आणि फ्रेमच्या वरून नटाच्या छातीकडे तोंड करून धरा. दांडा धरणाऱ्याचे खांदे दुखतात. त्याला वडापाव जास्त द्या.

गंगापूर धरणावर किंवा पांडवलेणीच्या टेकडीवर शूट असेल तर वारा हा वेगळाच शत्रू. माइकवरच्या स्पंजच्या टोपीने तो थांबत नाही, केसाळ फरचं आवरण लागतं. वाऱ्याची फडफड एकदा बोलण्यावर बसली की ती ओळ गेली असं समजा.

आवाज किती मोठा घ्यायचा? डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत. त्याच्या वर काही नाही. आवाज तिथे आपटला की त्याची शेंडी कापली जाते आणि फाटल्यासारखा ऐकू येतो. म्हणून सगळ्यात मोठं वाक्यसुद्धा उणे १२ च्या आसपास राहील असं ठेवायचं. आमचे बाप झालेले काका राज्य नाट्य स्पर्धेतले जुने खेळाडू. कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. तालमीत हळू बोलायचे, आम्ही त्याप्रमाणे माइक लावायचो, आणि टेकला 'ॲक्शन' म्हटलं की काका थेट बाल्कनीशी बोलायला लागायचे. तीन टेक फाटले. तेव्हापासून मी लेव्हल बघताना नटाला प्रसंगातलं सगळ्यात मोठं वाक्य पूर्ण ताकदीने म्हणायला लावतो.

आणि आता फ्रीज. शूटिंगला जागेवर गेलं की आधी फ्रीज बंद करायचा, पंखे बंद करायचे आणि सगळे टेक झाले की कुणालाही हलू न देता त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. याला 'रूम टोन' म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. वाड्याच्या स्वयंपाकघरात चुलाण्याच्या धुराड्यातून गल्ली आत येते. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये पाइपातून वरच्यांचं पाणी. ही मिनिटभराची शांतता पुढे सोन्याच्या भावाची होते, कशी ते येतंच. फ्रीजबाबत आणखी एक: बंद केलेला फ्रीज सुरू करायला लोक विसरतात. आम्ही विसरलो, आणि वाड्यातल्या मावशींचं दोन किलो श्रीखंड गेलं. आता बंद फ्रीजमध्ये मी माझ्या गाडीची किल्ली ठेवतो. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रीज उघडावाच लागतो. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, माझी नाही.

ओठ आणि आवाज

चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्यात असेल तर दोन्ही जुळवावे लागतात. त्यासाठीच शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर आपटतात ती पाटी. पाटी नसेल तर फ्रेममध्ये एक टाळी वाजवा. चित्रात तळहात जुळतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखात जो एकदम सुळका दिसतो तो एकाखाली एक आणायचा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या भिकार आवाजावरून चांगला आवाज आपोआप जुळवायची सोय असते, म्हणून कॅमेऱ्याचा माइकही चालू ठेवावा.

जुळणी किती काटेकोर हवी? गोदाघाटावर उभे राहा आणि पलीकडच्या काठावर कपडे आपटणाऱ्या बाईकडे बघा. कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो, 'धप्' मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ती ३४ मीटरवर असेल तर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशीर. जन्मापासून आपण हेच बघत आलोय, म्हणून उशिरा येणारा आवाज मेंदू सहज माफ करतो. आधी आलेला आवाज मात्र लगेच खटकतो. तपासण्यांमधून बांधलेला अंदाज असा की आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवायला लागतो, उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे पुढे एक फ्रेम, मागे तीन. शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागे सरकवा, पुढे नको.

सुरुवातीला जुळलेलं असतं आणि पाचव्या मिनिटाला ओठ वेगळे, आवाज वेगळा, असं झालं तर दोन संशयित. पहिला, मोबाइल. मोबाइल उजेड आणि प्रोसेसरच्या सोयीने फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो. 'हँडब्रेक' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल काढताना वेग स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडला की हे बरं होतं. दुसरा, आवाजाचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ वापरतात, गाण्यांच्या सीडीचा ४४.१ होता. ४८ चं रेकॉर्डिंग ४४.१ समजून वाजवलं तर १० मिनिटांचा आवाज १० मिनिटं ५३ सेकंदांचा होतो आणि सगळे थोडे जड आवाजात बोलतात. आजकालची सॉफ्टवेअर हे बहुतेक वेळा सांभाळून घेतात, तरी सगळं पहिल्यापासून ४८ वर ठेवावं.

कॅमेराही २५ फ्रेमवर ठेवा, शटर ५० वर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमवर शूट केलं की ट्यूबलाइट चित्रात लुकलुकते. आम्ही पहिली फिल्म अशीच लुकलुकती केली आणि प्रेक्षकांना ती शैली वाटली.

कट कुठे मारायचा

सॉफ्टवेअरवर फार बोलत नाही. 'दा विंची रिझॉल्व्ह'ची फुकट आवृत्ती आपल्या कामाला पुरून उरते, त्यातच आवाजाचं वेगळं दालन आहे. मात्र तिला दमदार लॅपटॉप लागतो. लॅपटॉप अडखळत असेल तर मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून त्यावर काम करायचं. तेही झेपत नसेल तर 'केडेनलाइव्ह' किंवा 'शॉटकट'. एकट्या आवाजासाठी 'ऑडॅसिटी'. चारही फुकट.

आधी सगळे टेक बघून चांगले निवडायचे, नावं द्यायची. कंटाळवाणं काम आहे, टाळलं तर पुढे दुप्पट कंटाळा येतो. मग प्रसंग संवादांच्या क्रमाने ढोबळ जोडायचा. आणि इथे मी पडदा झाकतो. खरंच, लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉवेल टाकतो आणि प्रसंग नुसता ऐकतो, रेडिओवरच्या श्रुतिकेसारखा. बोलण्यातल्या थांबण्याच्या जागा चुकल्या असतील तर त्या तेव्हा कळतात. बघताना चेहरे मोहात पाडतात.

आता आमचाच प्रसंग घेतो. संवाद असे होते.

"पोळ्या नको करूस. भाकरीच टाक."

"तेच करतेय, बाबा."

"पुण्यात पीठ मिळतं का चांगलं?"

माझी पहिली जोडणी: बाप बोलतो तेव्हा बाप, मुलगी बोलते तेव्हा मुलगी, पुन्हा बाप. जो बोलेल तो दिसणार. नियमाने बरोबर आणि बघायला पिंगपाँग. तिसरी ओळ, जिच्यात बापाने आपल्याला सगळं माहीत असल्याचं सांगून टाकलंय, तीही तशीच येऊन गेली. कुणाला काही वाटलं नाही, आम्हालाही नाही.

मग चित्र आणि आवाज यांचे कट वेगवेगळ्या जागी मारले. "तेच करतेय, बाबा" झाल्यावर मुलीवरच थांबलो. परातीत थापणारे तिचे हात. थप थप थप. त्यावर बापाचा आवाज, बाप दिसत नाही: "पुण्यात पीठ मिळतं का चांगलं?" हात थांबतात. थापणं थांबतं. दोन सेकंद काहीच नाही. आणि तेव्हा बापावर कट. तो खाली बघून लसूण सोलतोय.

पुढच्या माणसाचा आवाज आधी आणि चित्र नंतर आलं तर त्याला 'जे-कट' म्हणतात. मागच्याचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळला तर 'एल-कट'. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तुकडे लावतो त्या पट्टीवर, तुकड्यांचा आकार इंग्रजीतल्या त्या अक्षरांसारखा दिसतो, म्हणून ही नावं. बाकी यात गूढ काही नाही. घरात आपण तरी कुठे बोलणाऱ्याकडे सारखं बघतो? स्वयंपाकघरातून आईने हाक मारली की आवाज आधी येतो, मान नंतर वळते.

चित्राचे म्हणून दोनच नियम मी पाळतो. हालचालीत कट मारायचा, म्हणजे तांब्या उचलायला हात निघाला की दूरच्या शॉटमधून जवळच्या शॉटमध्ये जायचं. डोळा तांब्यामागे जातो आणि सांधा दिसत नाही. दुसरं, समोरासमोरच्या दोघांमध्ये एक रेघ कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर दोघं एकाच दिशेला तोंड करून बोलतायत असं वाटतं. हा दुसरा नियम शूटिंगलाच पाळावा लागतो, एडिटरकडे त्यावर औषध नाही.

घाण काढणं, नाहीतर घाण पसरवणं

त्या घर्रर्रकडे परत येऊ. पहिला विचार प्रत्येकाला येतो तोच मलाही आला: आवाज साफ करू. ऑडॅसिटीत नुसत्या गोंगाटाचा तुकडा निवडून नमुना द्यायचा आणि मग तो सगळ्या ओळींतून वजा करायचा. विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत १००, १५० वर बसलेली असते, तेवढ्याच अरुंद पट्ट्या कापता येतात. ८० हर्ट्झच्या खालचं तर बिनदिक्कत कापून टाकावं. तिथे बोलणं जवळजवळ नसतं, दूरच्या ट्रकची गडगड असते. पण गोंगाट वजा करण्याचा मोह आवरता येत नाही. थोडं आणखी, थोडं आणखी करता करता काका रामकुंडात बुडी मारून बोलतायत असं वाटायला लागलं.

मग उलटं केलं. बापाच्या दोन वाक्यांमधून फ्रीजच्या आवाजाचा चार सेकंदांचा स्वच्छ तुकडा काढला, त्याच्या प्रती एकमेकींवर थोड्या चढवून लांब पट्टा केला आणि मुलीच्या शॉटखालीही पसरला. म्हणजे घाण काढण्याऐवजी सगळीकडे सारखी सारवली. दोन कटनंतर फ्रीज ऐकू येईनासा झाला! स्वयंपाकघर आहे, फ्रीज असणारच. कानाला फ्रीज टोचत नव्हता, त्याचं येणं-जाणं टोचत होतं.

आणि एका टेकच्या शेवटी तो कॉम्प्रेसर बंद पडतानाचा आवाज सापडला. घर्रर्र, थड्, बंद. तो मी "पुण्यात पीठ मिळतं का" नंतरच्या दोन सेकंदांत टाकला. मुलीचे हात थांबतात, आणि मग फ्रीजही थांबतो. त्यानंतर जी शांतता लागते तिथे नुसता रिकामा ट्रॅक ठेवून चालत नाही. आवाज पूर्ण शून्य झाला की प्रेक्षकाला स्पीकर गेला असं वाटतं. तिथे ती मिनिटभराची रूम टोन लागते. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून पुन्हा वाड्यात गेलो, फ्रीज बंद केला आणि शांतता घेऊन आलो (मावशींचं श्रीखंड गेलं ते याच फेरीत).

विमानाचं मात्र काही करता येत नाही. ओझरच्या कारखान्यातलं लढाऊ विमान चाचणीला वर गेलं की थांबायचं, चहा घ्यायचा. देवळालीच्या बाजूला शूट असेल तर तोफांचा सराव कधी आहे ते गावातल्या कुणालातरी विचारून ठेवायचं.

थप थप थप

आता अडचण अशी की ज्या थापण्याच्या थांबण्यावर सगळा प्रसंग उभा होता, ते थापणं आमच्या रेकॉर्डिंगमध्ये नीट नव्हतंच. माइक तोंडाकडे होता. हाताचा आवाज लांबून, पोकळ. असे आवाज नंतर चित्र बघत बघत नव्याने वाजवायचे असतात. या कामाला 'फोली' म्हणतात. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल स्टुडिओत हे काम करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून.

मांडीवर थापट्या मारून पाहिल्या. ओल्या टॉवेलवर मारून पाहिल्या. शेवटी रात्री साडेअकराला आईला उठवलं. खोलीत गाद्या उभ्या केल्या, आवाज भिंतीवरून परतू नये म्हणून, आणि परातीत ज्वारीचं पीठ मळून तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. "हिच्या हाताबरोबर थाप." आईने दोनदा बघितलं आणि म्हणाली, "इतकी हळू थापते? फाटेल तिची भाकरी." पहिले चार टेक आईच्या वेगाने गेले. पाचव्याला ती त्या मुलीच्या हातात शिरली. एक गोष्ट तिनेच लक्षात आणून दिली: मुलीच्या हातात काचेच्या बांगड्या दिसतायत, मग त्या वाजत का नाहीत? बांगड्या चढवल्या, आणि थप थप मध्ये तो बारीक किणकिणाट आल्यावर पहिल्यांदा ते हात खरे वाटले.

सगळंच असं वाजवायची गरज नाही. ज्यावर प्रेक्षकाचं लक्ष आहे तेवढं पुरे. चालण्याचा आवाज पाऊल दिसत असेल तर द्या, नसेल तर सोडा.

याशिवाय प्रत्येक जागेचा सलग माहोल लागतो. घाटावरच्या प्रसंगासाठी सकाळी सहाला जाऊन दहा मिनिटं नुसता आवाज घ्या: पाण्यात तांब्या बुडाल्याचा, कबुतरांचा, देवळांतल्या घंटांचा. संवाद आणि घंटा एकाच वेळी रेकॉर्ड झाल्या तर कट मारला की घंटा अर्ध्यात तुटते. वेगळ्या घेतल्या तर हवी तिथे वाजवता येते, दोन शॉटवरून लांबवता येते, आणि त्या घंटेखाली कुठलाही ओबडधोबड कट झाकून जातो.

गाणं फुकट मिळत नाही

इंटरनेटवरून गाणं उतरवून लावायचं आणि शेवटी आभार मानायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. आभार म्हणजे परवानगी नव्हे. 'दहा सेकंदांपर्यंत चालतं' असाही कुठला नियम भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. अभंगाच्या बाबतीत लोक हमखास गफलत करतात. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या गायकाने गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग हे वेगळं हक्काचं. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, आणि चालीचा हक्क त्याहून निराळा. मार्ग सोपा आहे: गल्लीतल्या भजनी मंडळातल्या आजोबांना पारंपरिक चालीत गायला लावा, त्यांची लेखी परवानगी घ्या. पेटी जरा बेसूर असली तरी आपली असते. तसं आमच्या प्रसंगात मी संगीत घातलंच नाही. आधी बासरी घातली होती, हो. बापाने पिठाचं विचारल्यावर बासरी वाजली की प्रेक्षकाला 'आता रडा' असं सांगितल्यासारखं होत होतं.

शेवटची रात्र

सगळे ट्रॅक लागले की एकमेकांच्या मानाने किती मोठे ठेवायचे ते ठरवणं म्हणजे मिक्सिंग. संवाद आधी बसवा, बाकी सगळं त्याच्या खाली. कुजबुज आणि ओरडणं यांतलं अंतर कॉम्प्रेसरने थोडं कमी करा (हा सॉफ्टवेअरमधला, फ्रीजमधला नव्हे). संगीत असेल तर बोलणं सुरू झालं की ते उतरवा. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज कानाला सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप) या पातळीवर आवाज आणतं. त्याहून मोठी फिल्म टाकली तर ते खाली ओढतं, लहान टाकली तर वर मात्र उचलत नाही. म्हणून उणे १४ च्या आसपास ठेवा, सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

हेडफोनवर सगळं छान वाटतं. मग ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तिथे खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. आमचा फ्रीज मोबाइलवर गायब होता, फक्त बंद पडतानाचा 'थड्' उरला, त्यात वरचे सूर थोडे वाढवावे लागले. मग टीव्हीवर, मग कुणाच्या गाडीत. मधे एक रात्र जाऊ द्या. दमलेला कान रात्री दोनला प्रत्येक गोष्ट मोठी करत सुटतो.

सबटायटल टाकणार असाल तर आधी एका ओळीत 'ऱ्हास', 'तऱ्हा' आणि 'श्री' लिहून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि ते पडद्यावर गेल्यावरच दिसतं. प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी.

आणि दाखवायच्या हॉलमध्ये पेनड्राइव्ह घेऊन आदल्या दिवशी जा. आमच्या पहिल्या फिल्मला आम्ही गेलो नव्हतो. कॉलर माइकने काकांचा आवाज फक्त डाव्या बाजूच्या ट्रॅकवर रेकॉर्ड केला होता, मी तो तसाच ठेवला होता, आणि त्या हॉलचा डावा स्पीकर बंद होता. अकरा मिनिटं मुलगी भिंतीशी बोलत होती. बोलण्याचे सगळे ट्रॅक मोनो करून, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून सारखेच येतील असे करून, मधोमध आणा. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकचं काम आहे.